दोन बाटल्यांचा रविवार

प्रारंभीच क्षमा मागते. लेखन हा माझा प्रांत नव्हे. एकतीस वर्षे मी ग्रंथालयांतून इतरांची पुस्तके क्रमाने लावली, त्यांच्या उसवलेल्या पाठी चिकटवल्या, हरवलेल्यांची नोंद केली. आणि आता वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी स्वतः चार ओळी लिहिण्याचे धाडस करते आहे. त्यातून ज्यांच्याविषयी लिहायचे ते हयात आहेत, त्यांना स्वतःविषयी कोणी काही लिहिलेले रुचणार नाही, आणि ज्या शास्त्रात त्यांचे आयुष्य गुंतले आहे त्यातले मला जेमतेम कळते. इतक्या उणिवा ठाऊक असूनही लिहिते, कारण त्यांचे एक काम अडून बसले आहे आणि ते अडण्याला पहिले निमित्त मी झाले.

आमचे अभियांत्रिकी महाविद्यालय रायपुरात, तेलीबांध्याच्या तलावावरून नव्या राजधानीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. मी तिथे ग्रंथपाल, आणि ज्यांच्याविषयी लिहिते आहे ते वर्कशॉपमध्ये मुलांना वायरिंग शिकवीत. त्याआधी सिलतऱ्याच्या एका पोलाद कारखान्यात ते भट्टीच्या विजेचे फोरमन होते. वडील भंडाऱ्याकडून रेल्वेच्या नोकरीत रायपूरला आलेले. घरी कोनाड्यात बुद्धाची लहानशी मूर्ती, समोर मेणबत्ती, आणि मेणबत्तीशेजारी नेहमी कसला तरी स्क्रू. मुले त्यांना बाबूजी म्हणत. मी भाऊ म्हणे. आमची पहिली भेट झाली ती मी काउंटरवर फोनवर बहिणीशी बोलत असताना. ते माझे बोलणे संपेपर्यंत थांबले आणि म्हणाले, "पुण्याकडच्या का तुमी? बोलता कशा, पेपर वाचून राहिल्यावानी!"

त्या दिवशी त्यांनी नेलेले पुस्तक चार दिवसांनी परत आले ते प्लास्टिकच्या पिशवीत. पुस्तक हातात घेताना मी पानांवर अंगठा टेकवला, तर त्यांचा चेहरा कसनुसा झाला. पुढे कळले की निर्वात पात्राच्या आतल्या भागावर बोटाचा एक ठसा उमटला, तर तो दिवसेंदिवस वाफ सोडत राहतो आणि हवा काही पूर्ण निघत नाही. त्यामुळे जगातली प्रत्येक वस्तू कडेने धरायची त्यांना सवय लागली होती. पुस्तक, ताटली, आरसा, एकदा तर कोणाचे तरी तान्हे मूलसुद्धा. इतक्या वर्षांत मला पुस्तक धरायला कोणी शिकवले नव्हते; त्यांनी शिकवले.

त्यांची दुसरी सवय लोकांना खुपे. ते कधीही दोन्ही हात जोडून नमस्कार करीत नसत. डावा हात पाठीमागे कमरेशी, आणि उजवा पुढे. लग्नात अक्षता एका हाताने, प्रसाद एका हाताने, प्राचार्यांना अभिवादन एका हाताने. वर्कशॉपमध्ये नवा आलेला एक शिक्षक त्यांना माजोरी म्हणाला तेव्हा मी धीर करून त्यांना विचारले. ते हसले. "ताई, मोठ्या दाबाच्या विजेपाशी दोन हात पुढं केले का करंट इकडून शिरते, तिकडून निघते, अन् मंधात काळीज राहते. एक हात मांगं ठेवला तं माणूस वाचते. आता चाळीस वर्षांची सवय, नमस्काराले काहून सोडीन?"

वर्कशॉपच्या मागे एक जुनी खोली होती. मोडकी बाके आणि गंजलेली यंत्रे ठेवण्यासाठी. प्राचार्यांची रीतसर परवानगी घेऊन भाऊंनी ती रविवारपुरती मागितली आणि तिथे आपले यंत्र मांडले. पाहायला गेले तर पोलादी पातेल्याएवढा एक गोळा, त्याला एक काचेची खिडकी, खाली सतत गुरगुरणारा पंप, भोवती शिशाचे पत्रे. वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, त्या यंत्राला सवत म्हणत. "सवत परवडली असती," असेही म्हणत. "तिनं माह्या कुकरात नटबोल्ट तं उकळले नसते."

हे यंत्र अणुसंमीलनासाठी होते. ते म्हणजे काय हे भाऊंनी मला समजावले होते, ते मला समजले तितके सांगते. दोन हलके अणू पुरेशा वेगाने एकमेकांवर आदळले तर ते एकरूप होतात आणि ऊर्जा सुटते. सूर्य त्यावरच जळतो. पृथ्वीवर हे साधावे म्हणून मोठमोठ्या देशांनी प्रचंड चुंबकांची यंत्रे उभी केली आहेत आणि त्यांत तापलेला वायू कोंडून धरण्याची खटपट चालते. भाऊ या खटपटीला आदराने 'सरकारी पद्धत' म्हणत.

"हजारो माणसं लागले हायेत, ताई, दाबून धराले. मी म्हणतो, दाबता काहून? त्याले आतमंधी बोलवा ना! पंगत बसली म्हणून सांगा. सगळे पोट्टे चारी बाजूनं धावत येतीन. मंग दोघायचं डोस्कं टकरलंच पाहिजे."

ही पंगत म्हणजे गोळ्याच्या मध्यभागी टांगलेली तारेची पोकळ जाळी. तिला विजेचा जबर दाब दिला की वायूचे कण सर्व बाजूंनी तिच्याकडे ओढले जातात. ही युक्ती भाऊंची नव्हे, जगात अनेकांनी ती करून पाहिली आहे आणि सर्वांची अडचण एकच: बहुतेक कण आत पोहोचण्याआधी जाळीच्या तारेवरच आपटून वाया जातात. भाऊंचे स्वतःचे असे जे काही होते ते एवढेच, की त्यांनी जाळी विणली ती बांबूच्या टोपलीसारखी. त्यांच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, टोपल्या विणणारी एक म्हातारी बसे. छत्तीसगढीत टोपलीला टुकनी म्हणतात. तिच्याकडून ते महिनाभर वीण शिकले, अशी की समोरासमोरची भोके एका रेषेत यावीत आणि एका भोकातून आलेला कण दुसऱ्यातून सुखरूप निघून जावा. म्हातारीने त्यांना सांगितले होते म्हणे, की तुझ्या टुकनीत भाजीसुद्धा राहणार नाही.

मी एकदा विचारले, "भाऊ, यातून दिवा लागेल का?"

"दिवा? याच्यात जेवढी वीज जाते ना, तेवढ्यात तुमच्या लायब्ररीचे सगळे पंखे चालतीन. निघते काय, तं मच्छराच्या फुंकरीएवढंही नाही."

"मग?"

"मंग काय मंग. माह्या टुकनीत दोन अणू जुळतात का नाही, एवढं पाह्यचं हाये. हव का नाही, एवढंच. खोटं हव नको. खोटं तं मी भट्टीवर लई ऐकलं."

अणू जुळले की न्यूट्रॉन नावाचे कण बाहेर पडतात आणि ते मोजणारे एक उपकरण त्यांच्यापाशी होते. पण मोठ्या दाबाच्या यंत्रात अधूनमधून ठिणगी उडते आणि ठिणगीनेही ते उपकरण फसते, आकडा उगीच चढतो. म्हणून ठिणगी उडालेले मिनिट वहीतून बाद करावे लागे. कोणते मिनिट बाद करायचे हे ठरवणार कोण, तर भाऊच. इथेच त्यांना स्वतःचा संशय आला. "मले पाह्यजे तेच मिनिट मी ठेवीन," ते म्हणाले. "मी काही देव नाही."

यावर त्यांनी एक पद्धत काढली. बाटल्या दोन: एकीत साधा हायड्रोजन, ज्यातून न्यूट्रॉन निघण्याची शक्यता नाही, दुसरीत जड हायड्रोजन, महाविद्यालयामार्फत रीतसर मागवलेला, जपून वापरायचा. दोन्ही बाटल्या वेगळ्या घडणीच्या, त्यामुळे जोडणाऱ्याला कोणती ते कळणारच. म्हणून जोडणारे भाऊ नसावेत. प्लायच्या आडोशामागे दुसऱ्या कोणी नाणे उडवावे, छापा आला तर जड, काटा आला तर साधी, अशी बाटली जोडावी, आपल्या वेगळ्या वहीत नोंद करावी आणि ती वही कुलपात ठेवावी. भाऊंनी आकडे पाहून आपल्या वहीत लिहायचे: आज जड, किंवा आज साधी. अखेरीस दोन्ही वह्या शेजारी ठेवायच्या.

हे काम त्यांनी मला सांगितले. रविवारी सकाळी ग्रंथालय उघडे असते, माझ्यापाशी कुलपाचे कपाट आहे आणि मी फारशी बोलत नाही, ही तीन कारणे त्यांनी दिली. तिसऱ्या कारणाचा मला अभिमान वाटला, हे कबूल करते.

पावसाळ्यानंतर सुरुवात केली ती उन्हाळा लागेपर्यंत. दर रविवारी मी आडोशामागे नाणे उडवी, बाटली जोडी, झडप त्यांनी शिकवल्याप्रमाणे सुईच्या टोकाएवढी उघडी करी आणि बाहेर येऊन "झालं" म्हणे. चेहऱ्यावर काही दिसू नये म्हणून मी खाली पाहूनच बोले. भाऊ आकड्यांवर वाकलेले असत. खिडकीतून टुकनीभोवती जांभळा प्रकाश दिसे. सिलतऱ्याच्या भट्ट्यांनी ओढ घेतली की विजेचा दाब किंचित उतरे आणि भाऊ मान वर न करता म्हणत, "चढवली वाटते पोट्ट्यायनं भट्टी."

ठरलेले रविवार पूर्ण झाले तेव्हा त्यांच्या घरी वह्या उघडायचे ठरले. वहिनींनी फरे केले होते; तांदळाचे, वाफवलेले, वरून तिळाची फोडणी. भाऊ एक तारीख वाचत, मी माझ्या वहीतून उत्तर देई. जड. जड. साधी. साधी. साधी. जड. पानामागून पान जुळत गेले. दोनच रविवार चुकले. भाऊंनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा न लावता तसेच बसून राहिले. प्रथमच मी त्यांचे दोन्ही हात मांडीवर एकत्र पाहिले.

"निघाली का माही सवत खरी?" वहिनींनी मला ताट वाढता वाढता विचारले आणि स्वतःच म्हणाल्या, "मले तं पह्यलेच मालूम होतं. ज्या रविवारी ताई खोलीत थांबल्या म्हणून सांगत हे, त्या रविवारी आकडा चढेलच राहे. तुमचा पायगुण हाये, ताई."

मी हसले. भाऊ हसले नाहीत. त्यांनी विचारले, "ताई, तुमी खोलीत कवा थांबत होत्या?"

उत्तर शोधता शोधताच ते मला उमगत गेले. साधी बाटली जोडली की आज काही घडणार नाही हे मला ठाऊक असे. मग मी "पुस्तकं लावायची आहेत" म्हणून ग्रंथालयात परत जाई. आणि जड बाटली असली की पाय निघत नसे. वाटे, आज घडेल, आज यांच्याजवळ कोणी तरी असावे. म्हणून दाराशी स्टुलावर विणकाम घेऊन बसे. चेहरा मी सांभाळला होता. पाय सांभाळायचे राहिले.

"मी ठरवून नाही हो केलं," मी म्हणाले.

"मले मालूम हाये."

"आणि तुम्हालाही ते कळलं नव्हतं ना? तुम्ही तर आकडेच पाहत होता."

"मले कळलं नव्हतं, पण माह्या पेन्सिलीले कळलं असंन," ते म्हणाले. "तुमी बसल्या असल्या का मी ठिणगीचे मिनिट कमी बाद केले असतीन. तुमी गेल्या का जास्त. आता कोण सांगंन?" मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "तुमचं चुकलं नाही, ताई. प्रयोगात सगळं मोजलं, तुमालेच मोजलं नव्हतं. ते माह्यं चुकलं."

वहिनी फोडणीचा चमचा धरून उभ्याच होत्या. "म्हणजे मी तोंड उघडलं नसतं तं?" त्यांनी विचारले.

"तं मी उद्या खोटं बोललो असतो," भाऊ म्हणाले, "अन् मले मालूमही पडलं नसतं."

अडचण ही होती की दुसऱ्याच दिवशी बाहेरच्या संस्थांतले काही प्राध्यापक त्यांचे काम ऐकायला येणार होते. निकाल चांगला लागणार अशी भाऊंची चिन्हे पाहून प्राचार्यांनी उत्साहाने ठरवून टाकले होते. सकाळी भाऊ प्राचार्यांकडे गेले. मी बरोबर होते, कारण अपराध माझा होता. सगळे ऐकून प्राचार्यांनी दार लोटून घेतले.

"बाबूजी, ये बात कितने लोगों को मालूम है?"

"तीन."

"तो बस, तीन में ही रहने दीजिए."

"तीन में एक मैं हूँ ना साहब," भाऊ म्हणाले.

सभागृहात ते फळ्यापाशी उभे राहिले, डावा हात पाठीमागे. पंधरा मिनिटे टुकनीची वीण समजावली. तिथे त्यांचा आवाज इतका खुलला की पाहुणे पुढे सरकून बसले. मग ते म्हणाले की बाटली जोडणाऱ्याच्या वागण्यातून मला उत्तर कळत होते, यंत्रातून कळत होते की नाही ते ठाऊक नाही. "मेरे पास नतीजा नहीं है. गलती मेरी है. आप लोग दूर से आए हैं, चाय पीके जाइए." कोणी तरी हसले. शेवटच्या रांगेत मी मान खाली घालून बसले होते. त्यांनी एकदाही माझ्या दिशेने पाहिले नाही, की कोणी मी कोण ते ओळखावे.

तेव्हापासून भाऊ अशा माणसाच्या शोधात आहेत, ज्याला त्यांच्याविषयी काही वाटत नाही. झडपेला विजेचे बटण लावून यंत्राकडूनच निवड करवावी, हे मी सुचवून पाहिले. त्यांनी तेही करून पाहिले होते. ठिणगी उडाली की ते बटण आपोआप उलटत असे. "यंत्राले ठिणगी लागते अन् माणसाले माया," असे म्हणून त्यांनी तो विषय मिटवला.

माझ्यानंतर वहिनींनी हट्टाने ते काम घेतले. "मले काय वाटते या सवतीचं? काहीच नाही," त्या म्हणाल्या. त्या घरीच सकाळी नाणे उडवून येत आणि सोबत भाऊंचा डबा आणीत. खोलीत त्या कधीच थांबत नसत, शिस्त माझ्याहून कडक. सातव्या रविवारी भाऊंनी डबा उघडला, झाकण पुन्हा लावले आणि पंप बंद केला. डब्यात तिळाचा लाडू होता. गेल्या खेपेस नव्हता. त्याच्या आधी होता.

"तुह्या लाडवानं सारं सांगितलं," ते म्हणाले.

"मंग कष्टाच्या दिवशी माणसानं गोड खाऊ नये का?" वहिनी कडाडल्या आणि लागलीच डोळ्याला पदर लावला.

"असा माणूस एक हाये तसा, ज्याले आपलं काहीच पडलेलं नाही," भाऊ त्यांना हसवायला म्हणाले. "पण तो बेंगळुरूले राहते." त्यांचा मुलगा तिथे नोकरीला आहे. वहिनी हसल्या, मग हसणे थांबवून म्हणाल्या, "त्याच्याबद्दल तरी असं बोलू नका. रोज फोन करते तो मले, तुमची बी.पी. विचाराले." तेव्हा तोही बाद झाला.

मग फाटकावरचा चौकीदार निवडला. महासमुंदकडचा, उंच, काळाशार, कोणत्याही प्रश्नाला 'हव', म्हणजे होय, याखेरीज उत्तर न देणारा. प्राचार्य आले तरी हव, गाय आत शिरली तरी हव. भाऊ फार खूश झाले. पाच रविवार त्याने बाटली जोडली, वहीत फुली मारली आणि मागे वळून न पाहता फाटकावर निघून गेला. सहाव्या रविवारी भाऊंना ताप होता, तरी ते आले. चौकीदार आडोशातून बाहेर आला, दारापर्यंत गेला आणि थांबला. "आज झन कर बबा," तो म्हणाला. "घर जा, सुत. आज कुछु नइ होवय." आज करू नका बाबा, घरी जाऊन झोपा, आज काही व्हायचे नाही. भाऊंनी उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि सहाही रविवार वहीतून खोडले.

लेखा विभागात एक गृहस्थ आहेत. कोणाच्याही वाढदिवसाला ते केक खातात आणि शुभेच्छा न देता उठतात. मला वाटले, हे चालतील. मी त्यांना सारी हकीगत नीट समजावून सांगितली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते ग्रंथालयाच्या दारात उभे. "दीदी, वो बाबूजी का बुखार उतरा क्या?" मी भाऊंना त्यांचे नावही सांगितले नाही.

भाऊ आता चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. काचबिंदूने डाव्या डोळ्याची नजर गेली आहे, उजव्याने ते भिंग लावून आकडे वाचतात. जड बाटलीत फार तर एका मोजणीपुरता वायू उरला आहे. या सत्राच्या अखेरीस ती खोली संगणकांसाठी रिकामी करायची आहे. प्राचार्यांनी दोनदा मुदत वाढवली, आता त्यांचाही निरुपाय आहे. दर रविवारी भाऊ पंप सुरू करतात, हवा पूर्ण काढून ठेवतात आणि बाटल्यांकडे पाठ करून बसून राहतात. मला खोलीत यायची परवानगी आहे, पण आडोशामागे जाण्याची नाही. मी स्टुलावर बसते. गेल्या रविवारी मी त्यांना म्हणाले, "भाऊ, जुनी वही आहे. बावीस रविवार बरोबर आले होते. तेच धरून चाला ना. निदान तुमच्या मनाशी तरी."

"मनाशीच तं धरता येत नाही, ताई," ते म्हणाले. "दुनियेसाठी चाललं असतं." आणि पुढे, "सज्जन नको. हुशार नको. मराठी नसला तरी चालंन. ज्याले माह्यं काही वाटत नाही, असा एक आणा फक्त. एवढ्या मोठ्या रायपुरात एक नाही?"

मी शोधते आहे. ज्याला सांगावे तो आधी त्यांच्या डोळ्यांची चौकशी करतो. म्हणून संकोच बाजूला ठेवून, हे लिहिण्याचे औद्धत्य करून, अखेर तुम्हालाच विचारते: तुमच्या ओळखीत असे कोणी आहे का, जे रविवारी सकाळी दोन तास येईल, नाणे उडवून बाटली जोडील, आणि ज्याला त्यांच्याविषयी काहीही वाटणार नाही?